यादीतला विसावा धोका

वारा पडलेला होता. कंदिलात तेल भरपूर होतं, वात नवी होती, काच कुठे फुटलेली नव्हती. शेंडगे बाईंनी तो दोरीला बांधून जमिनीतल्या एका खड्ड्यात सोडला आणि पाच फूट खाली जाताच तो विझला. कुणी फुंकर मारली नव्हती. मग तो विझला का?

तेव्हा मला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. पण तो विझला म्हणून आमचे जमीरचाचा आज जिवंत आहेत, आणि माझी मैत्रीण गौतमीसुद्धा. सगळं पहिल्यापासून सांगते.

मी संपदा चौगुले, सहावी ब. आमच्या शाळेच्या बालमंत्रिमंडळात मी सुरक्षामंत्री आहे. हे खातं कुणालाच नको होतं. सगळ्यांना क्रीडामंत्री नाहीतर सहलमंत्री व्हायचं होतं, आणि सहली तर बंदच होत्या! दोन वर्षांपूर्वी एका सहलीत दुसरीतला एक मुलगा उसाच्या फडात पाऊण तास हरवला. तो सापडला, पण त्या दिवसापासून आमच्या मुख्याध्यापकांनी सहल हा शब्दच शाळेतून काढून टाकला.

मी हट्टाला पेटले. सलग तीन आठवडे मी त्यांच्या दारात उभी राहायचे. शेवटी ते म्हणाले, “शेतावर काय काय होऊ शकतं याची यादी करून आण. प्रत्येक धोक्यापुढे उपाय लिही. मग बघू.”

मी एकोणीस धोके लिहिले. साप, कुत्रं, विहीर, मोटारीची वायर, कडबा कापायचं यंत्र, फवारणीच्या औषधांचे डबे, जनावरांना हात लावून तसंच जेवायला बसणं, ऊन, काटे, सगळं. पुढे उपायही लिहिले. मुख्याध्यापकांनी यादी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “जा. पण एकाला जरी खरचटलं, तर माझ्या निवृत्तीपर्यंत सहल नाही.” त्यांच्या निवृत्तीला अकरा वर्षं होती.

सहलीला आम्ही एकेचाळीस जण होतो. सोबत शेंडगे बाई, बसचालक जमीरचाचा आणि टिटवी.

टिटवी म्हणजे सहल-रक्षक यंत्रमानव. हल्ली तालुक्याला असा एकेक मिळतो. उंचीने माझ्या कमरेएवढी, चाकं चार, हात दोन, आणि कपाळावर एक गोल जाळी. त्या जाळीमागे तिचं नाक, म्हणजे वायुसंवेदक (हवेत कोणता वायू किती आहे हे मोजणारं यंत्र) असतं. आमच्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा होता, त्यावरून कोण कुठे आहे हे तिला समजायचं. कुणी रांग सोडली की ती खऱ्या टिटवीसारखी कर्कश ओरडायची. गौतमी कांबळेवर ती सकाळपासून सात वेळा ओरडली होती.

गौतमी आमच्या खो-खो संघाची कर्णधार. ती आधी सूर मारते आणि मग बघते की खाली माती आहे की दगड. तिच्या गुडघ्यावर नवीन खरचटायला जागा उरलेली नाही.

शेत भूपालआण्णा मगदूम यांचं. सांगलीपासून अर्ध्या तासावर, नदीकाठच्या उंचवट्यावर. आण्णा ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पेव. पेव म्हणजे धान्य नाहीतर हळद साठवायला जमिनीत खणलेली खोल कोठी. वरून तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं, आत पोट मोठं, रांजणासारखं. माल भरायचा, तोंडावर फरशी ठेवायची आणि वरून माती लिंपून बंद करायचं. आत ठेवलेलं धान्य वर्षानुवर्षं टिकतं, त्याला कीड लागत नाही.

आमच्यासाठी आण्णांनी एक रिकामं पेव दोन दिवस आधीच उघडून झाडून ठेवलं होतं. शिडीने एकेकाने आत उतरून बघायचं होतं. पण त्याआधी आण्णांनी शांतपणे कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि पार तळापर्यंत सोडला. तो छान जळत राहिला. आण्णांनी तो वर ओढला आणि शेजारच्या खांबाला अडकवला.

“आण्णा, आत उजेडासाठी बॅटरी आहे की,” मी म्हणाले.

“उजेडासाठी न्हाई ते. रीत हाय. आदी कंदील उतरायचा, मग माणूस.”

“का पण?”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. “का ते मला सांगता यायचं न्हाई. तू लिव्हून घे तुज्या यादीत, मंत्रीणबाई.”

मी मान डोलावली. वही माझ्या हातात होती, पेन कानावर होतं, पण मी लिहिलं नाही. मला वाटलं, ही तर जुनी रीत, धोका थोडाच आहे? शिवाय टिटवीने जाळी फिरवून तेवढ्यात सांगितलंच होतं, “हवा ठीक.” यंत्र असताना कंदील कशाला? मी अशी शहाणी.

दुपारी जेवणाआधी सगळे हात धुवायला रांगेत उभे होते. हा माझा सातवा धोका: गाई-शेळ्यांच्या अंगावरचे न दिसणारे जंतू हातावाटे पोटात जातात, म्हणून साबण लावून वीस आकडे होईपर्यंत हात चोळायचे. मी नळाजवळ उभी राहून आकडे मोजत होते. आण्णा पार खालच्या मळ्यात गेले होते. इतक्यात टिटवी किंचाळली.

“गौतमी कांबळे रांगेबाहेर! गौतमी कांबळे रांगेबाहेर!”

मी धावले. माझ्यामागे टिटवी, टिटवीमागे शेंडगे बाई.

गोठ्यामागे दुसरं एक पेव होतं, ज्वारीचं. उद्या ज्वारी काढायची म्हणून गड्यांनी त्याची फरशी सकाळीच सरकवली होती आणि भोवती बाभळीचे काटे लावले होते. माणूस त्या काट्यांतून गेला नसता, पण शेळीचं करडू गेलं. पांढरं, एक कान काळा असलेलं. सकाळभर गौतमीने तेच कडेवर घेतलं होतं आणि त्याचं नाव लाडू ठेवलं होतं. आता खालून त्याचं बें-बें ऐकू येत होतं. गौतमीने काटे बाजूला केले होते, शेजारची शिडी आत सोडली होती आणि एक पाय पहिल्या पायरीवर टाकला होता.

“थांब!”

“दहा फुटांवर तर आहे! ज्वारीवर पडलंय, मला दिसतंय. गेले आणि आले!”

तेवढ्यात खालचं बें-बें थांबलं.

मला आजही सांगता येणार नाही की मला नेमकं काय कळलं. एवढंच मनात आलं, की करडू पडून फार वेळ झाला नाही, ज्वारी मऊ आहे, मग ते गप्प का झालं? आणि आण्णांनी माझ्यावरून वळवलेली ती नजर आठवली. मी गौतमीच्या कमरेला मिठी मारली आणि तिला मागे ओढलं. दोघी धुळीत पडलो. तिने मला कोपराने ढुसणी दिली, मी सोडलं नाही.

“सोड मला! मरेल ते!”

“आधी कंदील!”

“वेडी आहेस का तू?”

आरडाओरडा ऐकून जमीरचाचा बसमधून धावत आले. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि बाह्या वर केल्या. “पोरींनो, सरका. लहानांचं काम नाय हे. मी उतरतो.”

टिटवी पेवाच्या तोंडाशी गेली, तिने जाळी फिरवली आणि गोड आवाजात म्हणाली, “ऑक्सिजन (श्वासाला लागणारा प्राणवायू) शंभरात एकवीस भाग. हवा ठीक. मोठ्या माणसाने उतरण्यास हरकत नाही.”

झालं! यंत्र हो म्हणालं, मोठं माणूस हो म्हणालं. माझ्याकडे फक्त एक रीत होती, आणि तीही मी वहीत लिहिली नव्हती. मला भीती वाटत होती. चाचा खो खो हसतील, करडू मरेल आणि गौतमी जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, असं सगळं एकदम डोक्यात आलं. तरी मी उठले आणि शिडीचं वर आलेलं टोक अडवून बसले. पाय पेवाबाहेर आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून.

“चाचा, मी सुरक्षामंत्री आहे. कंदील खाली गेल्याशिवाय कुणी उतरणार नाही. मोठं माणूससुद्धा नाही.”

चाचा काही बोलणार, तोच शेंडगे बाई धापा टाकत म्हणाल्या, “जमीरभाई, अर्धा मिनिट. तिचं ऐका.” आणि त्या स्वतः पळत जाऊन खांबावरचा कंदील घेऊन आल्या.

त्यांनी तो पेटवला आणि दोरीने खाली सोडला. एक फूट, दोन, तीन. ज्योत पिवळीधमक होती. चार फुटांवर ती लालसर आणि बारीक झाली. पाच फुटांवर विझली.

चाचांनी बाह्या हळूच खाली केल्या.

“वारा नाही,” टिटवी म्हणाली. तिचा हिरवा दिवा नारिंगी झाला. “तेल आहे. ज्योत विझण्याचं कारण माझ्याजवळ नाही.”

“टिटवी, तुझं नाक कुठे आहे?” मी विचारलं.

“माझ्या कपाळावर.”

“म्हणजे तू जी हवा मोजलीस ती पेवाच्या बाहेरची!”

“बरोबर,” टिटवी म्हणाली. “मी जिथे आहे तिथली हवा ठीक आहे. खालची हवा मी मोजलेली नाही. न मोजता मी हरकत नाही असं म्हणाले. ही माझी चूक आहे.”

यंत्राच्या तोंडून चूक हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पण कौतुक करायला वेळ नव्हता. गौतमी रडत होती, आणि रडता रडताच ती एकदम ताठ झाली.

“टिटवी श्वास घेते का?”

“नाही,” टिटवी म्हणाली.

“मग तू उतर!”

“मला जमिनीखाली पाच मीटरहून खोल जायची परवानगी नाही.”

“दहा फूट म्हणजे तीनच मीटर!” गौतमी ओरडली. गणितात कायम काठावर पास होणारी गौतमी! टिटवीचा दिवा पुन्हा हिरवा झाला. “नियम मोडत नाही. मला बांधा.”

पेवावर पोती ओढायची कप्पी होतीच. चाचांनी टिटवीच्या अंगाला दोर पक्का बांधला. मी सगळ्या वर्गाला पेवापासून वीस पावलं लांब, आंब्याखाली रांगेत उभं केलं आणि दोराचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. कुणीही तोंडाशी यायचं नाही, कितीही वाटलं तरी. बाई तोंडाशी उभ्या राहून हाताने खूण करणार होत्या.

टिटवी खाली जाऊ लागली. तिचं नाक तिच्याबरोबर उतरत होतं आणि आकडे वर येत होते. “एकवीस. वीस. अठरा. सोळा. बारा.” मग खालून घुमल्यासारखा आवाज आला, “आठ. करडू मिळालं. ओढा!”

चाळीस जणांनी ओढलं. रस्सीखेचीच्या स्पर्धेत आमचा वर्ग कधीच जिंकला नव्हता. त्या दिवशी आम्ही तीस किलोंची टिटवी बघता बघता वर आणली. तिच्या हातात लाडू होता, मान लोंबकळलेली, जीभ बाहेर. गौतमीने त्याला मोकळ्या हवेत आडवं केलं आणि त्याच्या बरगड्या चोळायला लागली. तिच्या घरी शेळ्या आहेत, तिला हे जमतं. “ऊठ, ऊठ ना रे,” असं ती एकसारखी म्हणत होती.

लाडू शिंकला. मग दुसऱ्यांदा शिंकला, आणि डोळे उघडून बें म्हणाला. मी त्या दिवशी रडले ते तेव्हा.

मळ्यातून आण्णा काठी टेकत आले. त्यांनी विझलेला कंदील पाहिला, शिडी पाहिली, आणि ते मटकन दगडावर बसले.

“कोण उतरलं हुतं?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या. “संपदाने उतरू दिलं नाही.”

आण्णा म्हणाले, “सकाळी इचारलंस तवाच सांगाय पायजे हुतं, पोरी. जीभ उचलंना. आमचा थोरला भाऊ, पायगोंडा, असाच एका पेवात उतरला. त्या दिवशी कंदील घरी ऱ्हायला हुता. तो पडला म्हून त्याला काढाय शेजारचा आप्पा उतरला. तोबी वर आला न्हाई. मी नऊ वर्सांचा. मीबी उतरत हुतो, आईनं केस धरून मागं वढलं.”

गौतमीने माझ्याकडे पाहिलं. तिने माझा हात धरला तो जेवण होईपर्यंत सोडला नाही.

जेवणानंतर टिटवी म्हणाली, “कंदील का विझला, हे मला आता माहीत आहे. दाखवू?”

तिने आण्णांच्या स्वयंपाकघरातून एक खोल पातेलं मागवलं. आत एक पेटती पणती तळाला ठेवली आणि दुसरी एका उपड्या पेल्यावर, उंच. मग पातेल्याच्या कडेने खायचा सोडा टाकला आणि त्यावर चार लिंबं पिळली. फसफस झाली. थोड्या वेळाने खालची पणती विझली. उंचावरची जळत राहिली.

“फेसातून एक वायू निघाला,” टिटवी म्हणाली. “कार्बन डायऑक्साइड. आपण श्वास सोडतो तेव्हा तोंडातून बाहेर पडतो तोच. त्याला रंग नाही, आणि एवढाच असला तर वासही कळत नाही. पण तो हवेपेक्षा दीडपट जड आहे. म्हणून तो पातेल्यात पाण्यासारखा खालून वर भरत जातो. तिथली हवा त्याने बाजूला ढकलली. हवेबरोबर ऑक्सिजन गेला आणि पणती विझली.”

“पण पेवात सोडा नव्हता,” मी म्हणाले.

“पेवात ज्वारी होती. ज्वारीचा दाणा झोपलेला असतो, मेलेला नसतो. तो अगदी हळू श्वसन करतो (ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो). दाण्यांतले किडे आणि बुरशीसुद्धा. बंद पेवात वर्षभर हे चाललं की आतला ऑक्सिजन संपत येतो आणि जड वायू साठतो. तोंड अरुंद, वारा आत जात नाही, म्हणून फरशी सरकवली तरी तो तिथेच बसून राहतो.”

“मग किडेही मरत असतील की,” गौतमी म्हणाली.

“मरतात. म्हणून तर धान्य टिकतं.”

आण्णांनी मान वर केली. “म्हंजे, जी हवा माझी ज्वारी राखती, तीच माणसाला मारती?”

“होय आण्णा. ज्योतीला ऑक्सिजन लागतो, माणसालाही लागतो. ज्योत विझली, म्हणजे तिथे माणसालाही धोका आहे. माणसाला आत काही कळत नाही, गुदमरल्यासारखंही फार वेळ वाटत नाही. तो एकदम कोसळतो. वरच्याला वाटतं, घसरला असेल, आणि तो वाचवायला उतरतो.”

आण्णा हळूच म्हणाले, “सत्तर वर्सं झाली. मला वाटायचं, थोरल्याचंच काहीतरी चुकलं.” त्यांनी टोपीने डोळे पुसले.

मग टिटवीने आणखी दोन गोष्टी बजावल्या. गोबरगॅसच्या किंवा मैल्याच्या टाकीत कधीही दिवा न्यायचा नाही, तिथला वायू पेट घेतो. आणि कंदील जळत राहिला, तरी सगळं ठीक आहे अशी खात्री नसते, कारण ज्योत जळत असतानाही हा वायू माणसाला बेशुद्ध करण्याइतका असू शकतो. “मोजणारं नाक कंदिलापेक्षा चांगलं,” ती म्हणाली, “पण ते खाली गेलं तर!”

शाळेत परतल्यावर मी मुख्याध्यापकांना सगळं खरं खरं सांगितलं, न लिहिलेल्या रीतीसकट. माझ्या कोपराला खरचटलं होतं तेही दाखवलं. म्हणजे अकरा वर्षं सहल बंद. त्यांनी माझी यादी मागितली, पुन्हा दोनदा वाचली आणि म्हणाले, “एकोणीसच्या पुढे जागा रिकामी का आहे?”

“तिथे पेव लिहायचं आहे, सर.”

“पुढच्या सहलीला पेव नसेल. तिथे मिठागर आहे. मग काय लिहिशील?”

पुढच्या सहलीला! मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, विसावा धोका लिहिला. आता आमच्या शाळेच्या प्रत्येक यादीत तो शेवटी असतो.

*२०. जे आम्हाला माहीत नाही ते. उपाय: थांबा. तिथल्या जुन्या माणसांना विचारा. आधी यंत्र उतरवा, मग माणूस.*

जिल्ह्यातल्या सगळ्या सहल-रक्षकांची नाकं आता पन्नास फुटी वायरवर आहेत, सुटी होऊन खाली जाणारी. आमच्या वर्गाने पाठवलेल्या पत्रावरून तो बदल झाला. गौतमी म्हणते, ती मोठी झाल्यावर चंद्रावरच्या गुहांत उतरणार आहे. मी तिला म्हटलं, जा, पण नाक पुढे. ती चक्क हो म्हणाली.

परवा मिठागराच्या सहलीला निघताना वर्गातल्या एका मुलाने टिटवीला विचारलं, “तिकडे सगळं ठीक असेल ना गं?”

पूर्वी तिने गोड आवाजात होय म्हटलं असतं. या वेळी तिने दिवा नारिंगी केला आणि म्हणाली, “मला माहीत नाही. चल, गेल्यावर आधी मोजूया.”

आणि बसमधल्या एकेचाळीस मुलांना एकदम सुरक्षित वाटलं.